कमोडोर ६४ साठी घरच्या घरी वाय-फाय मोडेम: पहिल्या वायरीपासून पहिल्या कॉलपर्यंत

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. त्यात नेटवर्कची सोय नाही. पण कीबोर्डसमोर बसलं की मागच्या बाजूला अगदी डाव्या टोकाला एक चपटं, उघडं तोंड दिसतं. तो यूजर पोर्ट. त्या काळात मोडेम याच तोंडाला लागायचे आणि लोक टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ३०० बिटच्या वेगानं बुलेटिन बोर्डांवर, म्हणजे फोन लावून निरोप आणि फाइलींची देवाणघेवाण करायच्या संगणकांवर, जायचे. कमोडोरवाल्यांसाठी क्वांटम लिंक नावाची ऑनलाइन सेवा १९८५ मध्ये सुरू झाली. ती चालवणारी कंपनीच पुढे अमेरिका ऑनलाइन झाली. म्हणजे हे यंत्र ऑनलाइन जाण्यात नवखं नाही. गेली ती फक्त मधली टेलिफोनची तार, आणि तिच्या जागी आपण वाय-फाय बसवणार आहोत.

ज्यांनी थोडंफार सोल्डरिंग केलं आहे, पण जुन्या संगणकाला हात लावायला ज्यांना धाकधूक वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ती धाकधूक योग्यच आहे. यूजर पोर्टच्या मागे बसलेली ६५२६ ही चिप, जिला सीआयए म्हणतात, आता तयार होत नाही. वाय-फायचं मॉड्यूल जळलं तर दुसरं आणता येतं, ही चिप मात्र सहसा दुसऱ्या एखाद्या कमोडोरमधून काढून आणावी लागते. म्हणून खालची सगळी मांडणी एकाच तत्त्वावर बेतली आहे: एक टप्पा तपासून झाल्याशिवाय पुढचा जोडायचा नाही. सगळं एकदम जोडून बटण दाबलं आणि काही चाललं नाही, तर चूक पाच ठिकाणी शोधावी लागते. टप्प्याटप्प्यानं गेलं तर ती एकाच ठिकाणी असते.

हा अडॅप्टर नेमकं काय करतो

कमोडोरमध्ये नेटवर्क आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कार्ट्रिज पोर्टात खरंखुरं इथरनेट कार्ड बसवायचं आणि टीसीपी/आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा, सगळा भार त्या साधारण १ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर टाकायचा. हे शक्य आहे. कॉन्टिकी नावाच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमनं ते करून दाखवलं आहे. पण नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रस्त्यावर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच वेळी नवीन असतात.

दुसरा मार्ग मोडेमची नक्कल करण्याचा. ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप स्वतः नेटवर्क सांभाळते आणि कमोडोरशी मात्र जुन्या मोडेमच्या भाषेत बोलते. कमोडोर तिला ‘अमुक ठिकाणी फोन लाव’ म्हणतो, ती इंटरनेटवरच्या त्या पत्त्याशी जोडणी करते आणि मग आलेलं प्रत्येक अक्षर सीरियल वायरीवरून पुढे ढकलते. कमोडोरला पलीकडे टेलिफोन नाही याचा पत्ताच लागत नाही, आणि त्या काळातली टर्मिनल सॉफ्टवेअर जशीच्या तशी चालतात. आपण हेच करणार आहोत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि पिनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकडे साध्या अंकांत टाइप करायचे.

सामान

- ईएसपी-०१ किंवा ईएसपी-०१एस मॉड्यूल, १ मेगाबाइट फ्लॅश असलेलं
- २४ संपर्कांचा (१२ वर, १२ खाली) एज कनेक्टर, दोन संपर्कांत ३.९६ मिलिमीटर अंतर असलेला
- एएमएस१११७-३.३ हा व्होल्टेज रेग्युलेटर, शक्यतो कपॅसिटर बसवलेलं तयार मॉड्यूल
- बीएसएस१३८ मॉस्फेटवर चालणारं, ५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल जुळवणारं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल (दोन चॅनेल पुरतात, चार असले तरी हरकत नाही)
- १० किलोओहमचे चार रेझिस्टर, २२० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर
- ३.३ व्होल्टवर चालू शकणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर, फक्त प्रोग्रामिंगपुरता
- ५ व्होल्ट, १ अँपियरचा यूएसबी चार्जर आणि त्याची कापून वापरता येईल अशी केबल
- झीरो पीसीबी, बारीक वायर, सोल्डरिंगचं सामान आणि मल्टिमीटर

यूएसबी सॉकेट असलेले मोठे ईएसपी बोर्ड सोडून उघडं ईएसपी-०१ का, हा प्रश्न साहजिक आहे. मोठ्या बोर्डवर यूएसबीची वेगळी चिप असते आणि ती ईएसपीच्या आरएक्स (अक्षरं आत घेणाऱ्या) पिनेला आधीच जोडलेली असते. मग त्याच पिनेवर कमोडोर एकीकडून ओढतो आणि ती चिप दुसरीकडून. कमोडोरची चिप या ओढाताणीत कमी पडते, कारण तिची एक पिन खात्रीनं जेमतेम ३ मिलिअँपियर खाली खेचू शकते. ईएसपी-०१ वर ही भानगड नाही.

चार्जरचंही तसंच. यूजर पोर्टच्या २ नंबर पिनेवर ५ व्होल्ट मिळतात, पण तिथून जास्तीत जास्त १०० मिलिअँपियर घ्यायची मुभा आहे. ईएसपी८२६६ वाय-फायवर पाठवायला लागली की क्षणभर ३०० मिलिअँपियरच्या वर उडी मारते. पोर्टावरून वीज घेऊन चालणारे अडॅप्टर लोक बनवतात आणि ते चालतातही, पण चाळीस वर्षं जुन्या पॉवर सप्लायवर तो ताण टाकायची गरज नाही.

आधी संगणकाची तब्येत बघा

अडॅप्टरचं काही जोडण्यापूर्वी कमोडोर चालू करून नेहमीचा निळा पडदा आणि ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळ दिसते का ते बघा. दिसली नाही तर आधी तो प्रश्न सोडवा.

मूळ पॉवर सप्लाय अजून वापरात असेल तर इथे थोडं थांबा. त्या ठोकळ्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडतो आणि बिघडताना व्होल्टेज वर चढतं. वाढलेलं व्होल्टेज सर्वांत आधी रॅमच्या चिप घेऊन जातं. म्हणून व्होल्टेज मोजायचं, पण उघड्या पोर्टात मल्टिमीटरचे प्रोब खुपसून नाही. १ नंबरची पिन ग्राउंड आणि तिच्या शेजारचीच २ नंबरची ५ व्होल्ट, तिथे प्रोब घसरला की सरळ शॉर्ट. त्याऐवजी एज कनेक्टरच्या १ आणि २ या टोकांना (पिनांचे क्रमांक पुढच्या भागात दिले आहेत) दोन लांब वायरी सोल्डर करा, संगणक बंद असताना कनेक्टर बसवा, मग चालू करून वायरींच्या टोकांवर मोजा. ५.२५ व्होल्टच्या वर वाचन आलं तर तो सप्लाय पुन्हा लावू नका. आधी नवीन सप्लाय घ्या.

यूजर पोर्टाची ओळख

हा भाग घाईत वाचू नका. संगणकाच्या मागून बघितलं की वरच्या रांगेत डावीकडून उजवीकडे १ ते १२ आणि खालच्या रांगेत ए, बी, सी, डी, ई, एफ, एच, जे, के, एल, एम, एन अशा पिना आहेत. जी आणि आय ही अक्षरं वगळलेली आहेत, त्यामुळे बोटानं मोजताना हमखास एक घर चुकतं.

आपल्याला लागणाऱ्या पिना अशा:

- १, १२, ए आणि एन: ग्राउंड
- २: ५ व्होल्ट
- बी आणि सी: कमोडोरकडे येणारी अक्षरं
- एम: कमोडोरकडून जाणारी अक्षरं
- ४, ५, ६, ७: पुढे वेग वाढवण्यासाठी
- १० आणि ११: ९ व्होल्ट एसी, यांना हात लावायचा नाही

येणाऱ्या अक्षरांसाठी दोन पिना लागतात, कारण कमोडोरमध्ये सीरियलचं काम करणारी वेगळी चिप नाही. ते काम सॉफ्टवेअर करतं. बी पिनेवरचा सिग्नल खाली पडला की प्रोसेसरला ‘अक्षर सुरू झालं’ असा इंटरप्ट जातो, आणि मग टायमरच्या तालावर सी पिनेकडे पुन्हा पुन्हा बघून एकेक बिट गोळा केला जातो. म्हणून या दोघी नेहमी एकत्र जोडायच्या. यातली एक सुटली तर जाणारी अक्षरं व्यवस्थित जातात आणि येणारी एक तर येतच नाहीत किंवा वेडीवाकडी येतात.

आता १० आणि ११ बद्दल. समजा कनेक्टर उलटा बसला, म्हणजे वरची बाजू खाली. मग संगणकाच्या १० आणि ११ या पिना कनेक्टरच्या सी आणि बी या संपर्कांवर येतात. हेच ते संपर्क ज्यांना आपण ईएसपीची वायर लावणार आहोत. ९ व्होल्ट एसी थेट ३.३ व्होल्टच्या मॉड्यूलवर. यावर उपाय कमोडोरनंच करून ठेवला आहे: पोर्टाच्या कडेला १ आणि २ च्या मध्ये आणि १० आणि ११ च्या मध्ये खाचा आहेत. कनेक्टरमध्ये त्याच दोन जागी प्लास्टिकच्या छोट्या चकत्या बसवा. त्या बसवल्या की कनेक्टर उलटा जातच नाही, आणि एक घर सरकूनही बसत नाही. चकत्या मिळाल्या नाहीत तर जाड प्लास्टिकचा तुकडा कापून चिकटवा, पण हे टाळू नका. शिवाय कनेक्टरच्या १० आणि ११ या टोकांची मागची शेपटं कापून टाका आणि वरच्या बाजूला मार्करनं ठळक ‘वर’ लिहा.

पायरी १: ईएसपी-०१ पीसीवर तयार करा

या पायरीत कमोडोर लांबच राहू द्या.

आधी वीज. चार्जरचे ५ व्होल्ट रेग्युलेटर मॉड्यूलला द्या आणि बाहेर ३.३ व्होल्ट येतात हे मोजा. मोजल्यावरच ईएसपी जोडा. २२० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन्ही कपॅसिटर ईएसपीच्या वीज आणि ग्राउंड पिनांच्या अगदी लगत हवेत. वायरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला कपॅसिटर क्षणिक झटक्याला उपयोगी पडत नाही. यूएसबी-सीरियल अडॅप्टरच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून ईएसपीला वीज देण्याचा मोह टाळा. एफटी२३२आरएल ही नेहमीची चिप त्या पिनेवर फक्त ५० मिलिअँपियर देते.

ईएसपी-०१ च्या ईएन, आरएसटी, जीपीआयओ० आणि जीपीआयओ२ या चार पिना प्रत्येकी १० किलोओहममधून ३.३ व्होल्टला जोडा. मग यूएसबी-सीरियलचा टीएक्स (अक्षरं पाठवणारी पिन) ईएसपीच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला. अडॅप्टरवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर आहे ना, ते बघा.

फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलच्या आत राहणारा प्रोग्रॅम, म्हणून झायमोडेम वापरा. ते मुक्त स्रोत आहे, आर्डुइनो आयडीईमधून भरता येतं आणि जुन्या संगणकांसाठीच लिहिलेलं आहे. फर्मवेअर भरताना जीपीआयओ० ग्राउंडला टेकवायची आणि ती टेकवलेली असतानाच वीज बंद करून पुन्हा चालू करायची. चिप ही पिन फक्त सुरू होण्याच्या क्षणी बघते. भरून झालं की ती वायर काढा आणि वीज पुन्हा एकदा बंद-चालू करा.

आता पीसीवर कुठलंही सीरियल टर्मिनल १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं उघडा. ‘एटी’ टाइप करून एंटर मारल्यावर ‘ओके’ आलं की मॉड्यूल जिवंत आहे. वीज लावल्याक्षणी पडद्यावर थोडा कचरा दिसेल. तो बिघाड नव्हे. चिपचं स्वतःचं सुरुवातीचं बोलणं ७४८८० बॉडवर असतं, ते १२०० वर वाचलं की असंच दिसणार.

वाय-फायचं नाव आणि पासवर्डही इथेच, पीसीवरूनच भरून टाका. ‘एटीडब्ल्यू’ दिलं की आसपासच्या नेटवर्कांची यादी येते. त्यानंतर ‘एटीडब्ल्यू’ला लागून अवतरणचिन्हांत नेटवर्कचं नाव, स्वल्पविराम, पासवर्ड असं द्या आणि शेवटी ‘एटी&डब्ल्यू’ने ते कायमचं जतन करा. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसणारच नाही.

हे पीसीवर करण्यामागे ठोस कारण आहे. कमोडोरची अक्षरसंहिता, पेट्स्की, नेहमीच्या आस्कीहून वेगळी आहे. कमोडोरवर शिफ्ट न दाबता टाइप केलेलं अक्षर ६५ ते ९० या क्रमांकांत जातं, म्हणजे समोरच्याला ते कॅपिटल दिसतं. शिफ्ट दाबून केलेलं १९३ च्या पुढे जातं, ज्याला आस्कीत जागाच नाही. आस्कीची छोटी लिपी ९७ ते १२२ मध्ये असते आणि साध्या बेसिक प्रोग्रॅममधून टाइप करताना ती निघतच नाही. ‘एटी’सारख्या आज्ञांना याचा फरक पडत नाही, वाय-फायच्या पासवर्डला मात्र पडतो. पासवर्ड बरोबर टाकूनही जोडणी होत नाही, असं म्हणत तासन्‌तास बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या वायरींत काहीच खोट नव्हती.

पायरी २: बोर्ड सोल्डर करा

कमोडोरची बाजू ५ व्होल्टची, ईएसपीची ३.३ ची. काही जण दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणतात. इथे ते मला पसंत नाही. ६५२६ चिप पिन खाली खेचायला बरी, पण वर ढकलायला कमजोर आहे. तिच्या तपशीलपत्रात ‘वर’ असतानाची हमी २०० मायक्रोअँपियरपुरती दिलेली आहे. १ आणि २ किलोओहमची नेहमीची जोडी त्याच्या कितीतरी पट प्रवाह मागते, आणि मग सिग्नल अर्धवट उंचीवर लटकतो. बीएसएस१३८ च्या लेव्हल शिफ्टरमध्ये दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे पुल-अप, म्हणजे सिग्नल वर धरून ठेवणारे रेझिस्टर, असतात. चिपला फक्त खाली खेचायचं काम उरतं, आणि ते तिला जमतं.

जोडण्या अशा करा:

- कनेक्टरच्या १ आणि एन, चार्जरचं ग्राउंड, रेग्युलेटर, लेव्हल शिफ्टर आणि ईएसपी या सगळ्यांचं ग्राउंड एकत्र
- कनेक्टरची २ फक्त लेव्हल शिफ्टरच्या एचव्ही (५ व्होल्टच्या बाजूच्या) पिनेला, बाकी कुठेही नाही
- रेग्युलेटरचे ३.३ व्होल्ट लेव्हल शिफ्टरच्या एलव्ही (३.३ व्होल्टच्या बाजूच्या) पिनेला आणि ईएसपीला
- बी, सी आणि ७ एकमेकींना जोडून एचव्ही१ ला
- एम आणि ५ एकमेकींना जोडून एचव्ही२ ला
- ४ आणि ६ फक्त एकमेकींना
- एलव्ही१ आणि एलव्ही२ तूर्त मोकळे ठेवा

चार्जरचे ५ व्होल्ट आणि कनेक्टरची २ नंबरची पिन कधीही एकत्र आणू नका. तसं केलं तर बंद संगणकात चार्जरमधून वीज घुसते.

सोल्डरिंग करताना आधी कनेक्टरच्या प्रत्येक शेपटावर थोडं सोल्डर चढवून घ्या, वायरीच्या टोकालाही चढवा, मग दोन्ही टेकवून टिप क्षणभर लावा. शेपटं जवळजवळ असतात, म्हणून प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक नळी चढवलेली बरी. झाल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन तपासण्या करा. जिथे जोड हवा तिथे तो वाजतो का, ही पहिली. शेजारशेजारच्या पिनांत कुठेच वाजत नाही ना, ही दुसरी, आणि तीच जास्त महत्त्वाची. १ आणि २ च्या मध्ये बझर वाजला तर कनेक्टर संगणकाच्या जवळही नेऊ नका.

पायरी ३: ईएसपीशिवाय कमोडोरची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सगळ्यात जास्त उपयोग मात्र हिचाच होतो.

एलव्ही१ आणि एलव्ही२ एका वायरीनं एकमेकांना जोडा. म्हणजे कमोडोरनं पाठवलेलं अक्षर लेव्हल शिफ्टरमधून बाहेर जाईल आणि तिथूनच वळून परत येईल. ईएसपी अजून जोडायची नाही, पण रेग्युलेटरला वीज हवी, नाहीतर शिफ्टर चालणार नाही. संगणक बंद असताना कनेक्टर बसवा, मग चार्जर आणि संगणक एकाच पट्टीवरून एकदम चालू करा. ही पट्टीची सवय कायमची ठेवा: संगणक बंद आणि अडॅप्टर चालू राहिला तर सिग्नलच्या वायरीवरून ३.३ व्होल्ट त्या झोपलेल्या चिपमध्ये झिरपत राहतात.

नेहमीचा निळा पडदा आला नाही तर लगेच बंद करा आणि मागच्या पायरीवर जा. आला तर हा छोटा प्रोग्रॅम टाइप करा:

१० ओपन २,२,०,सीएचआर$(८)+सीएचआर$(०)
२० गेट#२,ए$ : इफ ए$<>"" देन प्रिंट ए$;
३० गेट बी$ : इफ बी$<>"" देन प्रिंट#२,बी$;
४० गोटू २०

पहिल्या ओळीतला ८ म्हणजे १२०० बॉड, आणि ० म्हणजे पॅरिटी नाही, साध्या तीन वायरींची जोडणी. ही ओळ प्रोग्रॅममध्ये सर्वांत आधीच हवी. सीरियल उघडताना कमोडोर २५६ बाइटचे दोन बफर काढून घेतो आणि तोवरचे सगळे व्हेरिएबल पुसून टाकतो.

रन करून एखादी कळ दाबा. प्रोग्रॅम स्वतःहून ती पडद्यावर छापत नाही. ते अक्षर एम पिनेतून बाहेर पडून, शिफ्टरमधून फिरून, बी आणि सी मधून परत आलं तरच दिसतं. अक्षर दिसलं म्हणजे कनेक्टर, शिफ्टर, सीआयए चिप आणि तुमचं सोल्डरिंग हे चारही एका फटक्यात पास. नाही दिसलं तर एलव्ही बाजूची वायर काढून एचव्ही१ आणि एचव्ही२ थेट जोडून बघा. आता दिसलं तर दोष शिफ्टरमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे, तरीही नाही दिसलं तर कनेक्टरच्या जोडांत.

पायरी ४: पहिला कॉल

सगळं बंद करा. वळवणीची वायर काढा. ईएसपीचा टीएक्स एलव्ही१ ला आणि आरएक्स एलव्ही२ ला जोडा. चालू करून तोच प्रोग्रॅम चालवा, ‘एटी’ टाइप करून रिटर्न मारा. ‘ओके’ आलं पाहिजे.

पहिला कॉल इंटरनेटवर न लावता घरातल्याच पीसीला लावा, म्हणजे राउटरपलीकडच्या शंका उरत नाहीत. पीसीवर नेटकॅट हा प्रोग्रॅम ६४०० सारख्या एखाद्या पोर्टवर ऐकत ठेवा आणि पीसीचा स्थानिक आयपी पत्ता बघून घ्या. तो १९२.१६८.१.१० आहे असं धरलं, तर कमोडोरवर ‘एटीडीटी’ला लागून अवतरणचिन्हांत १९२.१६८.१.१०:६४०० असं टाइप करा. जोडणी झाल्याचा निरोप आला की पीसीवर काहीही लिहून एंटर मारा. ते कमोडोरच्या पडद्यावर एकेक अक्षर करत उमटतं. १२०० बॉडवर सेकंदाला साधारण १२० अक्षरं येतात, त्यामुळे ४० गुणिले २५ चा पूर्ण पडदा भरायला आठेक सेकंद लागतात. वाचण्याच्या वेगाशी हा वेग छान जुळतो.

अक्षरांत कॅपिटल आणि स्मॉल उलटंपालटं दिसलं तर ते पेट्स्कीचंच प्रकरण, वायरींचं नाही. सीसीजीएमएस किंवा नोव्हाटर्म यांपैकी एखादं पूर्ण टर्मिनल सॉफ्टवेअर लावलं की त्यात आस्की आणि पेट्स्की यांची अदलाबदल करता येते. बेसिकचा छोटा प्रोग्रॅम मात्र फ्लॉपीवर जपून ठेवा, पुढे कधीही काही बिघडलं तर तपासणीला तोच लागतो.

कॉल तोडायचा असेल तर क्षणभर थांबून ‘+++’ टाइप करा, पुन्हा थोडं थांबा आणि मग ‘एटीएच’ द्या.

वेग वाढवणं

२४०० बॉडपर्यंत चांगलं टर्मिनल सॉफ्टवेअर याच वायरींवर जातं. त्यापुढे अडचण येते ती चित्र काढणाऱ्या व्हिक-२ चिपमुळे. पडद्यावरच्या दर आठव्या रेषेला ती प्रोसेसरला सुमारे ४० सायकल थांबवून ठेवते. ९६०० बॉडवर एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे प्रोसेसरचे शंभरेक सायकल. त्यातले ४० गेले तर बिट बघायची वेळ चुकते. याच्यावरचा तोडगा यूपी९६०० या नावानं ओळखला जातो: बिट गोळा करण्याचं काम सॉफ्टवेअरऐवजी सीआयए चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरला द्यायचं. ५, ७ आणि ४-६ च्या ज्या वायरी आपण आधीच जोडल्या, त्या याचसाठी.

आधी मोडेमला ‘एटीबी९६००’ द्या, मग टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये यूपी९६०० निवडून वेग ९६०० करा आणि ‘एटी’ला ‘ओके’ येतं का बघा. आल्यावरच ‘एटी&डब्ल्यू’ने जतन करा. मोठ्या मजकुरात अक्षरं गळायला लागली तर २४०० वर परत या, वाचायला ते पुरेसं आहे.

अडलं तर

काहीच येत नसेल तर आधी ग्राउंड बघा, मग टीएक्स-आरएक्सची अदलाबदल झाली आहे का ते. सतत कचरा येत असेल तर दोन्हीकडचा वेग जुळत नाही. ईएसपी पीसीला लावून तिचा वेग पुन्हा १२०० करा. ‘एटी’ला उत्तर मिळतं, पण वाय-फाय जोडताना ईएसपी पुन्हा सुरू होते आणि पडद्यावर सुरुवातीचा कचरा परत दिसतो, तर वीज कमी पडते आहे: चार्जर, पातळ केबल आणि कपॅसिटरची जागा या क्रमानं तपासा. फ्लॉपी वाचताना अक्षरं हरवत असतील तर ते या यंत्राच्या रचनेतच आहे. ड्राइव्हशी बोलताना कमोडोर सीरियल पोर्टाकडे लक्ष देऊ शकत नाही, म्हणून फाइल जतन करताना पलीकडून काही येत नसल्याची खात्री करा.

कमोडोर १२८ च्या ६४ मोडमध्येही हीच जोडणी चालते. दुसऱ्या कुठल्या संगणकासाठी करत असाल तर त्याचा पिनांचा नकाशा मिळवून तिथून नव्यानं सुरुवात करा. कनेक्टर सारखा दिसतो म्हणून पिनाही सारख्या असतील असं धरू नका.

घरातल्या पीसीशी बोलणं जमलं की बाहेरच्या बुलेटिन बोर्डांवर जा. टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवरून साध्या मजकुराच्या जोडणीनं, चालणारे बोर्ड आजही आहेत, आणि काही तर खास कमोडोरच्या पेट्स्की चित्रांसह चालतात. तिथे खातं उघडताना पासवर्ड नवाच ठेवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. या जोडणीवरून जाणारं प्रत्येक अक्षर उघडं जातं, आणि वाटेत कुणालाही ते वाचता येतं.

बोर्ड डब्यात बसवताना ईएसपीचा अँटेनाचा कोपरा धातूपासून लांब ठेवा. यूएसबीची केबल डब्याला आतून गाठ मारून किंवा क्लिप लावून पक्की करा, म्हणजे केबल ओढली गेली तरी ताण सोल्डरवर आणि पोर्टाच्या कडेवर येणार नाही. कनेक्टर काढता-घालताना संगणक बंद असू द्या, आणि तो सरळ धरून ओढा, डावी-उजवीकडे हलवत नको.